फँटसी लिहिणारे लेखक नक्की कुठून येतात?

चांदणवाट

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. सध्या मी फँटसी कादंबऱ्या कमी आणि त्या लिहिणाऱ्यांची चरित्रं, मुलाखती, पत्रं जास्त वाचतेय. आणि माझं मत असं होत चाललंय की ज्यांचं काल्पनिक जग आपल्याला खरं वाटतं त्यांनी ते इतरांच्या फँटसी वाचून उभं केलेलं नसतं. त्यांचा जीव आधीच दुसऱ्या कशाततरी गुंतलेला असतो आणि कादंबरी त्यातून बाहेर पडते.

टॉल्किन, लॉर्ड ऑफ द रिंग्जवाला, सगळ्यांना माहीत आहे, पण तपशील बघा. विद्यार्थी असताना नेमलेला अभ्यास बाजूला ठेवून हा मुलगा फिनिश भाषेचं व्याकरण घेऊन बसला, का तर कालेवाला हे फिनिश महाकाव्य मुळातून वाचायचं होतं. पहिल्या महायुद्धानंतर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत नोकरी, तिथे डब्ल्यू अक्षरापासून सुरू होणाऱ्या शब्दांची मुळं शोधायचं काम. त्याच्या एल्फ लोकांची एक भाषा फिनिशच्या वळणाने जाते, दुसरी वेल्शच्या. आणि त्यानेच पत्रात लिहून ठेवलंय की आधी भाषा आल्या, गोष्टी नंतर, त्या भाषांना राहायला जग हवं म्हणून.

दुसरी उर्सुला ल ग्विन, माझी सगळ्यात लाडकी. वडील आल्फ्रेड क्रोबर, मोठे मानववंशशास्त्रज्ञ. आई थिओडोरा, यांनी इशी या याही जमातीतल्या शेवटच्या माणसाची हकीकत १९६१ साली पुस्तकात मांडली. घरात सतत वेगवेगळ्या लोकांच्या चालीरीती, दंतकथा, भाषा यांच्याच गप्पा. मग हिच्या अर्थसी या काल्पनिक बेटांच्या जगातल्या प्रत्येक बेटाची गाणी वेगळी, होड्या वेगळ्या, देवघेवीची रीत वेगळी, हे काय उगाच आलं का?

तर प्रश्न असा: फँटसी लेखक फँटसी वाचून घडतो की दुसऱ्या कशाने? तुमचे आवडते लेखक या वाटेला कसे आले, माहीत असेल ते लिहा. आणि इथे कोणी स्वतः लिहीत असेल तर त्यांनी नक्कीच लिहा.

पानगळ

मस्त विषय. वाचतेय.

निशाचर

धागा आवडला पण मत पटलं नाही. ब्रँडन सँडरसन घ्या. शाळेत पुस्तकाला हात न लावणारा मुलगा, आठवीत शिक्षिकेने बार्बरा हॅम्बली यांची ड्रॅगन्सबेन हातात ठेवली आणि गडी संपला. त्यात मध्यमवयीन जादूगारीण आहे, एकीकडे संसार आणि मुलं, दुसरीकडे जादूतलं कौशल्य वाढवायची ओढ. ते वाचून त्याला स्वतःची आई समजली असं तो सांगतो, तिनेही मुलांसाठी करिअर बाजूला ठेवलं होतं. म्हणजे ड्रॅगनच्या पुस्तकातून चौदा वर्षांच्या पोराला घरातलं माणूस दिसलं! त्यानंतर तो कपाटभर फँटसी वाचत सुटला. कॉलेजात बायोकेमिस्ट्री घेतली होती ती सोडून इंग्रजीकडे वळला, हॉटेलात रात्रपाळीला बसून लिहायचा कारण रात्री काउंटरवर कोणी येत नाही. डझनभर कादंबऱ्या लिहून झाल्या तेव्हा कुठे एक विकली गेली, तीही लिहिलेल्यांतली सहावी, आणि ती छापून आली २००५ मध्ये.

या माणसाला भाषाशास्त्र नाही, मानववंशशास्त्र नाही. फँटसीनेच फँटसी लेखक घडवला की नाही?

चांदणवाट

@निशाचर, उदाहरण जबरदस्त आहे. पण तुम्हीच लिहिलंत ना की त्या पुस्तकात त्याला आई दिसली? मला तेच म्हणायचंय. पुस्तकाने दार उघडलं, आत जे होतं ते घरचं होतं.

निशाचर

असं म्हटलं तर तुम्ही कधीच हरणार नाही :)

तळटीप

दोघांच्याही मध्ये एक तिसरा माणूस उभा करतो. सी. एस. लुईस, मुलांसाठीच्या नार्निया पुस्तकांचा लेखक. त्याच्याबाबतीत ना विषय ना वाचन, सुरुवात एका चित्राने झाली. बर्फाळ जंगलातून एक फॉन, म्हणजे अर्धा बोकड अर्धा माणूस, छत्री आणि पुडकी घेऊन चाललाय, हे चित्र त्याच्या डोक्यात सोळाव्या वर्षापासून होतं. चाळिशीच्या आसपास त्याने ठरवलं की याची गोष्ट करून बघू. सिंह तर गोष्टीत नंतर शिरला आणि त्याने सगळी गोष्टच आपल्यामागे ओढून नेली, असं लुईसने लिहिलंय. पहिलं नार्निया छापलं गेलं १९५० साली. लहानपणी भावाबरोबर बोलणाऱ्या प्राण्यांचं राज्य रचायचा ते वेगळंच.

आणि टॉल्किनबद्दल बोलताना सगळे भाषेवर थांबतात, युद्ध राहून जातं. १९१६ च्या सोमच्या लढाईत तो सिग्नल ऑफिसर होता. ट्रेंच फीव्हर झाला, इंग्लंडला परत पाठवलं आणि आजारपणाच्या त्या काळात त्याने गोंडोलिन नावाच्या शहराच्या पाडावाची गोष्ट लिहिली. शाळेपासूनचा चार जणांचा कंपू होता, त्यातले दोघे त्या वर्षी गेले. त्यातल्या एकाने मरणाआधी पत्र लिहून कळवलं होतं की मी उरलो नाही तर मला जे सांगायचं होतं ते तू सांग. हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवावं लागलं. त्याच्या कादंबरीत मित्र मित्राला पाठीवर घेऊन डोंगर चढतो, तो प्रसंग त्यानंतर मला वेगळाच वाटायला लागला. नुसत्या व्याकरणाने तो प्रसंग लिहून होत नाही.

पानगळ

बापरे. पत्राचं माहीत नव्हतं.

गोष्टवेल्हाळ

सगळे इंग्रजीतच फिरताय म्हणून जरा इकडे वळवतो. देवकीनंदन खत्री! चंद्रकांता ही हिंदी कादंबरी लिहिणारा माणूस आधी काय करत होता माहितीये? जंगलाचा ठेकेदार होता. काशीच्या महाराजांच्या मुलखातल्या चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका त्यांच्याकडे होता. कामानिमित्त त्या रानात, डोंगरदऱ्यांत, जुन्या किल्ल्यांच्या पडझडीत भटकणं व्हायचं. पुढे ठेका गेला आणि मग त्याच जागा, तीच भुयारं, तेच पडके वाडे डोक्यात घेऊन लिहायला बसले. १८८८ ची गोष्ट आहे ही. लोक चंद्रकांता वाचता यावी म्हणून हिंदी शिकले असं आजही सांगतात.

आणि आपले नाथमाधव, वीरधवल कादंबरीवाले. शिकारीला गेले असताना कड्यावरून पडले, कमरेखालचं शरीर लुळं झालं. त्यानंतर वाचन आणि लेखन हेच जग. त्या पलंगावरून घोडे दौडवले, तलवारी चालवल्या, भुयारातून माणसं पळवली. मला तर वाटतं की पाय चालत नव्हते म्हणूनच ती कादंबरी एका जागी थांबत नाही, पण हे माझं मत, कोणावर लादत नाही.

बिनधास्त_वाचक

चंद्रकांता!!! ऐयार म्हणजे वेषांतर करणारे हेर, तिलिस्म म्हणजे कोड्यांनी आणि सापळ्यांनी भरलेली बंद जागा, बेशुद्धीची भुकटी, बटव्यातून काहीही काढणारे लोक. फँटसीत ज्याला आता मॅजिक सिस्टीम, म्हणजे जादूचे ठरलेले नियम, म्हणतात ना ते खत्रींनी शंभर वर्षं आधी करून ठेवलंय आणि त्यात जादू जवळपास नाहीच, सगळं यंत्र आणि हातचलाखी. तिलिस्म फोडायचे नियम असतात, ते ठरलेल्या माणसाच्याच हातून फुटतं, आत काय आहे ते लिहून ठेवलेलं पुस्तकही असतं. माझ्यासाठी वाद इथेच संपला, जंगलाचा ठेकेदार जिंकला.

चांदणवाट

@गोष्टवेल्हाळ खूप खूप आभार, हे असंच काहीतरी हवं होतं. खत्रींचा ठेका मला ल ग्विनच्या वाळवंटाच्या शेजारी ठेवावासा वाटतो. अर्थसीच्या दुसऱ्या भागात अतुआन नावाचं ओसाड बेट आहे, ती जागा तिला पूर्व ऑरेगनच्या कोरड्या रुक्ष प्रदेशातल्या एका प्रवासातून मिळाली. पायाखालून गेलेली जमीन कागदावर वेगळीच उतरते.

@तळटीप, युद्धाचं मान्य. ते मी माझ्याच बाजूने मोजणार :)

रेघोट्या

मी चित्रकार आहे, पुस्तकांसाठी नकाशे काढते, त्यामुळे या धाग्यात उडी मारणं भागच आहे. नकाशा आधी की गोष्ट आधी यावर लेखकांचे दोन सरळ गट पडतात. ल ग्विनने बेटांचा नकाशा आधी काढला, बसून बेटांना नावं दिली, आणि बऱ्याच बेटांवर काय आहे हे तिला तिथे गोष्ट पोचेपर्यंत ठाऊक नव्हतं. टॉल्किनही म्हणायचा की नकाशापासून सुरुवात करावी, उलटं केलं की अंतरं आणि दिवस यांचा मेळ बसत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या लेखकांना मी पहिला प्रश्न विचारते की नदी कुठून उगवते आणि कुठे जाते. निम्म्या लोकांनी विचारच केलेला नसतो, नदी डोंगराच्या एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरलेली असते. नदी नीट वाहायला लागली की गावं कुठे वसतील ते आपोआप ठरतं, मग पूल येतो, पुलावर नाका येतो, नाक्यावर कोणीतरी पैसे मागतं आणि प्रकरण सुरू होतं. नकाशा काढता काढता लेखकाला कथानक सापडलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून प्रेरणेच्या यादीत नकाशाला मानाची जागा द्या.

निशाचर

@रेघोट्या नकाशावरून डायना विन जोन्स आठवल्या. त्यांनी फँटसीलँडचं एक प्रवासी मार्गदर्शकच लिहिलंय १९९६ साली, फँटसीतल्या ठरीव गोष्टींची झकास चेष्टा. त्यानुसार नकाशात जी म्हणून जागा दाखवलीय तिथे तुम्हाला नेल्याशिवाय सहल संपत नाही. ज्यांना फँटसी लिहायची आहे त्यांनी ते आधी वाचावं, निम्मे घिसेपिटे प्रसंग आपोआप गळून पडतील.

तळटीप

डायना विन जोन्स यांची वाट तर दोन्ही बाजूंना चकित करणारी आहे. लहानपणी घरात पुस्तकांचा दुष्काळ. वडील इतके हात आखडते की आर्थर रॅन्समच्या पुस्तकांचा संच आणला आणि तीन बहिणींत मिळून वर्षाला एक पुस्तक काढून द्यायचे. वाचायला काहीच नाही म्हणून डायनाने बहिणींसाठी स्वतःच वह्यांमध्ये गोष्टी लिहायला सुरुवात केली आणि वाचून दाखवायला लागली. म्हणजे @निशाचर, भरपूर वाचून नव्हे तर वाचायला न मिळाल्याने लेखिका झाली! पुढे ऑक्सफर्डला टॉल्किन आणि लुईस दोघांची व्याख्यानं ऐकली. लुईस दणदणीत बोलायचा, टॉल्किन फळ्याकडे तोंड करून पुटपुटायचा, ती तरी चिकटून बसायची.

निशाचर

ऐकून घेतलं. मत थोडं हललंय, अजून पडलेलं नाही.

कासवगती

मी इथे फक्त वाचायला येतो पण आज लिहितो. चांदणवाटजींनी विचारलंय म्हणून सांगतो की मीही एक कादंबरी लिहायला घेतलीये आणि ती मध्येच अडकलीये. हा धागा वाचून आनंद झाला आणि थोडी धडकीही भरली कारण माझ्याकडे यातलं काहीच नाही. भाषाशास्त्र नाही, युद्ध नाही, जंगल नाही, वडील मानववंशशास्त्रज्ञ नाहीत. मी ऑडिट करतो. दिवसभर दुसऱ्यांच्या वह्या तपासतो, व्हाउचर जुळतायत का बघतो, माल गोदामात खरंच आहे का हे जाऊन मोजतो. संध्याकाळी घरी येऊन ड्रॅगन लिहायला बसतो आणि तो ड्रॅगन कुठल्यातरी वाचलेल्या पुस्तकातलाच निघतो. अशा माणसाने काय करावं?

खडूफळा

@कासवगती, अहो तुम्ही टेरी प्रॅचेटबद्दल वाचाच. सतराव्या वर्षी शाळा सोडून गावच्या वर्तमानपत्रात उमेदवारी करायला लागला. तिथे जे पडेल ते काम, लहान मुलांच्या पानासाठी गोष्टीसुद्धा. पहिली कादंबरी १९७१ ची, कोणी फारशी दखल घेतली नाही. पुढे वीज मंडळात प्रेस ऑफिसर, आणि वाट्याला काय तर अणुऊर्जा केंद्रं! तेही अमेरिकेत थ्री माइल आयलंडचा अपघात होऊन गेल्यावर लगेचच्या काळात, म्हणजे प्रत्येक पत्रकार फोन करून विचारणार की तुमचं कधी उडतंय. ती नोकरी सांभाळून डिस्कवर्ल्ड ही त्याची फँटसी मालिका सुरू केली, पहिलं पुस्तक १९८३, नोकरी सोडली १९८७ ला. रोज चारशे शब्द हा त्याचा सुरुवातीचा रतीब होता.

आणि आता ती पुस्तकं बघा. त्याच्या शहरात पोस्ट खातं आहे, टांकसाळ आहे, पोलीस चौकी आहे, वर्तमानपत्र आहे, चोरांची पावती देणारी संघटना आहे. जादूगारांचं विद्यापीठ तर अस्सल सरकारी खातं वाटतं. ऑफिसात बसून जग कसं चालतं ते ज्याने पाहिलंय त्यालाच हे सुचणार. मी शिक्षक आहे, मुलांकडून गोष्टी लिहून घेतो. ज्याच्या घरी म्हशी आहेत त्या मुलाने राक्षस जरी लिहिला तरी तो राक्षस चारा किती खातो हे तो पहिल्या ओळीत सांगतो. तिथेच गोष्ट उभी राहते. तुमचं ऑडिट हे तुमचं कालेवाला आहे असं समजा.

बिनधास्त_वाचक

ऑडिटर आणि ड्रॅगन! ड्रॅगन सोन्याच्या ढिगावर बसलेला असतो ना? मोजला कोणी तो ढीग?

रेघोट्या

@बिनधास्त_वाचक हे घ्या, गेम ऑफ थ्रोन्सवाल्या जॉर्ज मार्टिनच्या ताटकळलेल्या वाचकांसाठी बघता बघता नवी मालिका तयार झाली :) मार्टिनवरून आठवलं. १९८१ मध्ये हा माणूस इंग्लंडच्या उत्तरेला हेड्रियनच्या भिंतीवर उभा होता, थंडी होती, आणि त्याच्या मनात आलं की रोमन सैनिकाला इथे उभं राहून पलीकडच्या अंधारातून काय येईल असं वाटत असेल. दहा वर्षांनी, १९९१ च्या उन्हाळ्यात, तो भलतीच एक विज्ञान कादंबरी लिहीत असताना बर्फात सापडलेल्या लांडग्याच्या पिल्लांचा प्रसंग डोळ्यांपुढे आला आणि सगळं बाजूला ठेवून तो लिहायला घेतला. मधल्या वर्षांत टीव्हीसाठी लिहीत होता, तिथे सतत ऐकावं लागायचं की एवढे घोडे आणि एवढे किल्ले परवडणार नाहीत. मग कादंबरीत त्याने हवे तेवढे घोडे घेतले.

पानगळ

हवे तेवढे घोडे हे आवडलं.

सातवा_दरवाजा

उशिरा आलो, सगळा धागा एका दमात वाचला. मूळ प्रश्नाकडे परत जाऊन एक सांगतो. चांदणवाट यांनी विचारलेत दोन प्रश्न पण सगळे एकाचंच उत्तर देतायत. प्रेरणा कुठून येते हा एक प्रश्न. माणूस त्या वाटेवर टिकतो कसा हा दुसरा, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

ल ग्विननेच अकराव्या वर्षी एका विज्ञानकथा मासिकाला गोष्ट पाठवली होती, नाकारली गेली. मग शिक्षण, फ्रेंच साहित्य, लग्न, मुलं, आणि पन्नासच्या दशकात लिहिलेल्या कादंबऱ्या ज्या कोणी छापल्याच नाहीत. अर्थसी आली ती एका छोट्या प्रकाशकाने मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिही, हवं ते लिही असं म्हटल्यावर. तेव्हा तिच्या मनात आलं की जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारेच का, ते पोरवयात कुठे होते, काय शिकत होते? त्यातून अर्थसीचा नायक गेड आला, १९६८ मध्ये. म्हणजे वडिलांची मानववंशशास्त्राची पुस्तकं घरात जन्मापासून होती, पण कोणीतरी मागितलं तेव्हा ती कामी आली. टॉल्किनचंही तसंच. हॉबिट हे त्याचं पुस्तक प्रकाशकाच्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं, त्याने एक शिलिंग घेऊन चांगला अभिप्राय दिला, पुस्तक १९३७ मध्ये निघालं. प्रकाशकाने आणखी हॉबिट मागितले नसते तर लॉर्ड ऑफ द रिंग्ज ही मोठी कादंबरी सुरूच झाली नसती, आणि लुईस वर्षानुवर्षं प्रकरणं ऐकत बसला नसता तर बहुतेक संपली नसती. लुईसचं हे ऋण टॉल्किनने पत्रात मान्य केलंय.

त्यामुळे माझं उत्तर: कच्चा माल आयुष्य पुरवतं, फँटसीचं वाचन तो माल वापरायचा कसा ते शिकवतं, आणि पूर्ण करून घ्यायला एक ऐकणारा माणूस लागतो. यातला तिसरा सगळ्यात दुर्मिळ.

निशाचर

सातवा_दरवाजा यांना +१. मधलं वाक्य माझं म्हणून मी घेतो.

चांदणवाट

@सातवा_दरवाजा, ऐकणाऱ्या माणसाचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. डायनाच्या बहिणी आठवा, त्याही त्याच यादीत बसतात. माझं मूळ म्हणणं मी सोडत नाही पण ते अपुरं होतं हे दिसतंय.

@कासवगती तुम्ही गप्प का झालात? तुमच्या कादंबरीत आहे तरी काय, थोडं तरी सांगा.

कासवगती

सांगतो. खडूफळा सर आणि बिनधास्त_वाचक यांचं वाचल्यापासून झोप लागत नाहीये. आधीचा मसुदा तसाच ठेवलाय. नवीन असं: एका राज्यात जादू खजिन्यात साठवलेली असते. पाऊस पाडायचा, तटबंदी उभी करायची, की तिजोरीतून काढायची आणि वहीत लिहायची. शेकडो वर्षांच्या वह्या आहेत. एक कनिष्ठ कारकून मोजणीला खाली उतरतो आणि त्याच्या लक्षात येतं की तिजोरी कित्येक पिढ्यांपासून रिकामी आहे, तरी पाऊस पडतोय, तटबंदी उभी आहे. मग हे सगळं चालतंय कशावर?

बिनधास्त_वाचक

ओहो!!! आता उत्तर सांगू नका. नाही, सांगा. नाही, नको.

रेघोट्या

तिजोरी जमिनीखाली आहे का? पाणी कुठल्या बाजूला आहे? मी नकाशा काढायला घेतेय.

गोष्टवेल्हाळ

त्या कारकुनाच्या आधी कोणीतरी मोजायला उतरलंच असणार की. त्यांनी वहीत काय लिहिलं?

कासवगती

@गोष्टवेल्हाळ प्रत्येकाने "मोजले, बरोबर आहे" असं लिहून सही केलीये. सगळ्या सह्या आहेत. पहिलं प्रकरण रविवारी रात्री इथेच नवीन धाग्यावर टाकतो, ज्यांना वाचायचं आहे त्यांनी कृपया हात वर करा.

खडूफळा

हात वर.

पानगळ

✋

निशाचर

माझाही. आणि ड्रॅगन असेल तर तो ठेवा हो, काढू नका.